न दिसणाऱ्या कणांचे वजन करणारे फ्रेड व्हिपल

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची ती रात्र विदर्भातील अनेकांच्या स्मरणात असेल. अंधार पडून फार वेळ झालेला नसताना महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या आकाशातून तेजस्वी ठिणग्यांची एक लांबलचक माळ संथपणे सरकत गेली. उल्कापात झाला, अशी वार्ता क्षणार्धात सर्वदूर पसरली. काही वेळातच चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक भले मोठे कडे पडल्याचे समजले आणि पाठोपाठ परिसरात धातूचा गोळाही सापडला. तो एका चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला.

कडे हाती येण्यापूर्वीच ती उल्का नव्हे, हे अनेक खगोल अभ्यासकांनी ओळखले होते. खूण होती ती वेगाची. सूर्याभोवती फिरणारी उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने घुसते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी वस्तू मात्र सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने खाली येते आणि रेंगाळत जळते. आकाशातील प्रकाशरेषेचा वेग मोजावा, वेगावरून तिचे मूळ शोधावे आणि तेजावरून व मंदावण्यावरून तिचे वजन ठरवावे, ही विद्या ज्यांनी घडवली त्यांत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड लॉरेन्स व्हिपल यांचे नाव अग्रभागी आहे. पाठ्यपुस्तकांनी त्यांना धूमकेतूच्या ‘मळक्या बर्फगोळ्या’पुरते मर्यादित करून टाकले आहे. त्यांच्या कार्याचा दुसरा अर्धा भाग आज पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रत्येक मानवी वसाहतीच्या भिंतींत बसवलेला आहे.

व्हिपल यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९०६ रोजी आयोवा राज्यातील रेड ओक या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले. टेनिसपटू व्हावे, ही त्यांची तरुणपणीची आकांक्षा. परंतु पोलिओने ती हिरावून घेतली आणि गणिताकडे वळलेला हा विद्यार्थी गणितातून खगोलशास्त्रात येऊन पोहोचला. १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला तेव्हा ते बर्कले येथे संशोधन करीत होते. या नव्या सदस्याची कक्षा गणिताने मांडून दाखवणाऱ्या पहिल्या काही मंडळींत त्यांचा समावेश होता. १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते हार्वर्ड वेधशाळेत रुजू झाले आणि तेथेच त्यांचे आयुष्य गेले.

वेधशाळेत रोज रात्री काढलेल्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या भिंगाखाली तपासण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्या तपासणीतूनच त्यांना सहा धूमकेतू गवसले. १९३३ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला त्यांनी आपल्या आईचे नाव, सेलेस्टिया, दिले.

परंतु त्यांचे खरे लक्ष लागले होते ते उल्कांकडे. १९३६ पासून त्यांनी एकमेकांपासून काही कोसांवर असलेल्या दोन ठिकाणांहून एकाच वेळी आकाशाची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. कॅमेऱ्यापुढे एक फिरते पाते बसवले होते. ते सेकंदात अनेकदा प्रकाश अडवी, त्यामुळे छायाचित्रात उल्केची रेषा अखंड न उमटता तुटक उमटे. दोन ठिकाणच्या चित्रांवरून उंची कळे, तुटक भागांच्या लांबीवरून वेग कळे आणि ते भाग क्रमाने किती आखूड होत गेले, यावरून हवेने उल्केला किती रोखले तेही कळे. साधनसामग्री साधीच होती. पण बहुतेक उल्का सूर्यमालेतीलच असून त्यांचे नाते धूमकेतूंशी आहे, हे या मोजमापातून हळूहळू स्पष्ट होत गेले.

यातूनच वजनाचा प्रश्न पुढे आला. ज्या कणाला कोणी हात लावलेला नाही, जो शंभर किलोमीटर उंचीवर जळून नाहीसा झाला, त्याचे वजन करायचे कसे? मार्ग दोन होते. कणाच्या गतीतील ऊर्जेचा काही अंश प्रकाशात रूपांतरित होतो, म्हणून एकूण प्रकाश मोजला आणि वेग माहीत असला की वस्तुमान निघते. हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग हवेच्या अडथळ्याचा. हलकी आणि पसरट वस्तू लवकर मंदावते, जड आणि आटोपशीर वस्तू उशिरा. कापसाचा बोळा आणि तेवढ्याच आकाराची गोटी फेकून पाहणाऱ्या मुलालाही हे ठाऊक असते. मात्र या दुसऱ्या मार्गाने निव्वळ वजन हाती येत नाही. हाती येते ते वस्तूच्या क्षेत्रफळाचे तिच्या वजनाशी असलेले प्रमाण. दोन्ही मार्गांची उत्तरे जुळवून पाहिली, तर कणाची घनताही काढता येते.

येथे व्हिपल यांची गफलत झाली, आणि ती मोठी होती. ऊर्जेचा नेमका किती अंश प्रकाश बनतो, हे त्या काळी कोणालाच नीट माहीत नव्हते. गृहीत धरलेला आकडा सदोष असल्याने कण प्रत्यक्षापेक्षा बरेच जड आणि अतिशय पोकळ ठरले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंतराळयानांना असलेला धोका मांडताना त्यांनी उल्काकणांची घनता पाण्याच्या अवघ्या विसाव्या हिश्श्याइतकी धरली होती. पुढे अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावरून अग्निबाण सोडून ज्ञात वजनाचे धातूचे तुकडे मुद्दाम वातावरणात जाळण्यात आले. वजन आधीच माहीत असलेली ही कृत्रिम उल्का किती प्रकाश देते, ते पाहून आकडे दुरुस्त झाले. १९६३ मध्ये व्हिपल यांनी आपलेच गणित नव्याने मांडले आणि घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास आणून ठेवली.

त्याच सुमारास आणखी एक अंदाज कोसळला. आरंभीच्या उपग्रहांवर बसवलेल्या ध्वनिग्राहकांनी कणांच्या इतक्या आघातांची नोंद केली होती की, पृथ्वीभोवती धुळीचा दाट मेघच असावा असे वाटू लागले. व्हिपल यांनीही १९६१ मध्ये या मेघाच्या बाजूने लेख लिहिला. प्रत्यक्षात त्यातील बरेचसे आघात म्हणजे तापमान बदलल्याने यंत्रातच निर्माण होणारी खरखर होती. १९६५ मध्ये अमेरिकेने पेगासस नावाचे तीन उपग्रह सोडले. पंखांसारख्या विशाल पत्र्यांना पडणारी छिद्रे मोजणे, एवढेच त्यांचे काम होते. मेघ विरला. चंद्रावर माणूस पाठवण्याची तयारी सुरू असताना हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. धोका फुगवून सांगितला तर यानाची भिंत अकारण जाड होते आणि ते उडूच शकत नाही, कमी सांगितला तर आत बसलेल्यांच्या जिवावर बेतते. आपलाच आकडा खोडण्याचा मोकळेपणा व्हिपल यांच्याकडे होता, ही त्यांच्या कीर्तीतील कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

मधल्या काळात महायुद्ध येऊन गेले होते. युद्धकाळात व्हिपल रडारविरोधी संशोधनात गुंतले होते. ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या पट्ट्या विमानातून उधळल्या की शत्रूच्या रडारच्या पडद्यावर विमानांचे थवेच्या थवे दिसू लागत. पट्टीची लांबी रडारलहरीच्या निम्मी असली की ती लहर सर्वाधिक परतवते. अशा पट्ट्या झपाट्याने कापणारे यंत्र तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या कामगिरीबद्दल १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडून त्यांचा गौरव झाला.

वर्खाची ही युक्ती पुढे उलट्या बाजूने छळू लागणार होती. रडारला दिसतो तो वस्तूचा परावर्तक आकार, खरा आकार नव्हे, आणि वजन तर नव्हेच. आज अवकाश कचऱ्याचा आकार ठरवताना हीच अडचण संशोधकांपुढे उभी राहते. १९६३ मध्ये अमेरिकी लष्कराने दळणवळणाच्या एका प्रयोगासाठी तांब्याच्या सुमारे ४८ कोटी सुया कक्षेत सोडल्या होत्या. जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर लांबीच्या त्या सुयाही रडारलहरीच्या निम्म्या लांबीच्याच होत्या. बहुतेक सुया खाली येऊन जळाल्या. एकमेकींना चिकटलेले काही पुंजके अजूनही फिरत आहेत.

युद्ध संपताच, अवकाशात एकही उपग्रह नसताना, व्हिपल यांनी अंतराळयानाच्या संरक्षणाचा विचार सुरू केला होता. १९४७ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. यानाची भिंत जाड करण्याऐवजी भिंतीच्या बाहेर थोडे अंतर सोडून एक पातळ पत्रा लावावा. प्रचंड वेगाने येणारा कण त्या पत्र्यावर आदळताच स्वतःच फुटतो, वितळतो, त्याची वाफही होते. पत्र्यामागच्या मोकळ्या जागेत ही राळ पसरते आणि मुख्य भिंतीवर एका बिंदूऐवजी मोठ्या क्षेत्रावर आदळते. गोळीचा जणू छर्रा होतो. कणाचा वेगच त्याच्या नाशाला कारणीभूत ठरतो, असा हा उफराटा हिशेब आहे. कमी वेगाचा कण पत्र्याला आरपार छेदून अखंडच आत जातो, म्हणून काही परिस्थितीत सावकाश येणारा तुकडाच अधिक घातक ठरतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर या ढालीचे शंभराहून अधिक प्रकार वापरलेले आहेत. मधल्या जागेत विशेष कापडाचे थर घालून त्यांतील काहींचे बळ वाढवले आहे. मूळ तत्त्व १९४७ चेच.

१९५० मध्ये व्हिपल यांनी धूमकेतूविषयीचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. धूमकेतूचे केंद्र म्हणजे सुट्या वाळूचा थवा नसून बर्फ आणि धूळ यांचा घट्ट गोळा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एन्केचा धूमकेतू वेळापत्रकाच्या किंचित आधी का परततो, याचेही स्पष्टीकरण त्यातून मिळाले. सूर्याच्या उष्णतेने बाहेर पडणारी वाफ त्याला अग्निबाणासारखा धक्का देते. या विषयावर एवढे लिहिले गेले आहे की येथे अधिक विस्तार नको.

१९५५ मध्ये ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले. १९७३ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. कृत्रिम उपग्रह सोडण्याच्या घोषणा होऊ लागल्या होत्या. पण वर गेलेला उपग्रह शोधायचा कोणी आणि कसा, याची तयारी फारशी कोठे नव्हती. व्हिपल यांनी दोन पातळ्यांवर व्यवस्था उभारली. पहिली हौशी निरीक्षकांची. ‘मूनवॉच’ नावाच्या या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, कारकून अशी मंडळी लहान दुर्बिणी घेऊन पहाटे व संध्याकाळी ओळीने बसत आणि ठिपका सरकताना दिसला की वेळ नोंदवीत. हौशी लोकांच्या भरवशावर विज्ञान चालते काय, अशी शंका अनेकांनी घेतली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक उडाला तेव्हा मोठे कॅमेरे अजून तयार नव्हते आणि हौशी पथके मात्र सज्ज होती.

त्या दिवसांत जगभर लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुधा स्पुटनिक नव्हताच. ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३.६ किलो वजनाचा तो गोल फार अंधुक होता. ठळक दिसत होता तो त्याच्यामागोमाग कक्षेत पोहोचलेला अग्निबाणाचा रिकामा सांगाडा. अवकाशयुगाची पहिली संध्याकाळ माणसाने कचऱ्याकडे पाहत घालवली, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी व्यवस्था बेकर-नन कॅमेऱ्यांची. जेम्स बेकर व जोसेफ नन यांनी घडवलेले हे अजस्र कॅमेरे जगभर १२ ठिकाणी बसवण्यात आले. त्यांतील एक भारतात, नैनितालच्या वेधशाळेत होता. ही वेधशाळा नावारूपास आणणारे डॉ. वेणू बाप्पू हे हार्वर्डचेच विद्यार्थी. १९४९ मध्ये तेथे शिकत असताना त्यांनी एका धूमकेतूचा शोध लावला होता. मार्च १९५८ मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा अवघ्या साडेसोळा सेंटिमीटरचा आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाचा गोल हजारो किलोमीटरवरून टिपण्याची या कॅमेऱ्यांची क्षमता होती. व्हॅनगार्ड केव्हाच मुका झाला, पण अजूनही पृथ्वीभोवती फिरतो आहे. कक्षेतील सर्वांत जुनी मानवनिर्मित वस्तू तीच.

या छायाचित्रांचा उपयोग केवळ जागा सांगण्यापुरता राहिला नाही. व्हिपल यांचे सहकारी लुइजी याकिया यांनी उपग्रहांच्या कक्षा कशा आकसत जातात, यावरून वरच्या वातावरणाची घनता काढली आणि सूर्य खवळला की ते वातावरण फुगते, हेही दाखवून दिले. उपग्रहाचे वजन व आकार माहीत असतील तर हवा मोजता येते. आणि एकदा हवा माहीत झाली की उलट दिशेने जाऊन अनोळखी तुकड्याचे क्षेत्रफळ आणि वजन यांचे प्रमाण काढता येते. १९३६ च्या तुटक रेषांचेच हे तंत्र मोठ्या पटावर मांडले गेले. १९६० मध्ये सोडलेला इको-१ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा चकाकता फुगा भारतातूनही नुसत्या डोळ्यांना दिसे. शंभर किलोंहूनही हलका असल्याने सूर्यप्रकाशाच्या दाबानेसुद्धा त्याची कक्षा हलत असे. तेजावरून वजन ठरवू पाहणाऱ्याला याहून चांगला इशारा नसेल.

५ सप्टेंबर १९६२ च्या पहाटे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मूनवॉचच्या एका पथकाने आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले. मॅनिटोवॉक गावात रस्त्याच्या मधोमध सुमारे नऊ किलोंचा धातूचा एक तुकडा रुतून बसलेला सापडला. रशियाने १९६० मध्ये सोडलेल्या एका यानाचा तो भाग होता. व्हिपल यांच्या संस्थेत त्याची तपासणी झाली. आपण मोजत असलेली वस्तू प्रत्यक्ष तराजूत ठेवण्याची अशी संधी या क्षेत्रात विरळाच.

तोवर आकाशातील गर्दीचे स्वरूप पालटले होते. २९ जून १९६१ रोजी एका अमेरिकी अग्निबाणाच्या टप्प्याचा कक्षेत स्फोट होऊन एकाच दिवसात जवळपास ३०० तुकड्यांची भर पडली. निसर्गाच्या कणांबरोबर आता माणसाचे तुकडेही मोजणे आले. आजच्या पद्धतीनुसार सुमारे दहा सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांवर रडार व दुर्बिणींनी पाळत ठेवली जाते. काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटरच्या तुकड्यांची हेस्टॅकसारखी शक्तिशाली रडारे नमुना म्हणून गणती करतात. हे रडार व्हिपल यांच्या हार्वर्डपासून फार लांब नाही. प्रतिध्वनीवरून आकार ठरवण्यासाठी अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत एक नमुना उपग्रह गोळी झाडून फोडला आणि त्याचे तुकडे रडारसमोर नाना कोनांत फिरवून कोष्टक तयार केले. मिलिमीटरहून लहान कणांसाठी अवकाशातून परतलेल्या पत्र्यांवरचे आणि खिडक्यांवरचे खड्डे मोजावे लागतात. एवढे सगळे करूनही वजन हा अंदाजच राहतो, कारण तुकडा ॲल्युमिनियमचा आहे, पोलादाचा की निव्वळ वर्खाचा, हे प्रतिध्वनी सांगत नाही.

अंदाज चुकला तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. एक सेंटिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या गोळीचे वजन जेमतेम दीड ग्रॅम भरते. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने ती आदळली, तर एक टन वजनाची मोटार ताशी ४३ किलोमीटर वेगाने भिंतीवर आपटावी तेवढी ऊर्जा एका बिंदूवर येते. व्यास दुप्पट असेल तर वजन आठपट होते आणि आघातही आठपट. अंतराळ स्थानकाची व्हिपल ढाल साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचा आघात सोसते. दहा सेंटिमीटरहून मोठा तुकडा आधी दिसतो आणि स्थानक बाजूला सरकवता येते. मधल्या आकाराच्या तुकड्यांपुढे ढालही अपुरी आणि डोळेही. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ मधील अंदाजानुसार एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या १२ लाखांहून अधिक आहे.

व्हिपल यांच्या दोन कल्पना, मळका बर्फगोळा आणि पातळ पत्रा, मार्च १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूपाशी एकत्र आल्या. युरोपचे जिओट्टो यान सेकंदाला ६८ किलोमीटर सापेक्ष वेगाने धूमकेतूच्या धुळीत शिरले. पुढे एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे मोकळी जागा आणि त्यामागे जाड भिंत, अशी त्याची ढाल होती. केंद्राच्या सर्वांत जवळ पोहोचण्याच्या काही क्षण आधी एका लहानशा कणाने यानाला असा हिसका दिला की पृथ्वीशी असलेला संपर्क काही काळ डळमळला. यान मात्र तगले, आणि त्याने पाठवलेल्या चित्रांत धूमकेतूचे केंद्र एकसंध, घन पिंड असल्याचे दिसले. व्हिपल तेव्हा ७९ वर्षांचे होते.

निवृत्तीनंतरही ते नव्वदीपर्यंत सायकलवरून कार्यालयात जात असत. ॲरिझोनातील ज्या वेधशाळेची उभारणी त्यांनी केली, तिला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. धूमकेतूंकडे निघालेल्या कॉन्टूर या मोहिमेच्या शास्त्रज्ञ गटात वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचा समावेश होता. जुलै २००२ मध्ये यान उडाले. १५ ऑगस्ट रोजी इंजिन पेटवल्यानंतर त्याचा संपर्क तुटला आणि दुर्बिणींनी शोध घेतला तेव्हा एका यानाच्या जागी तीन तुकडे सरकताना दिसले.

३० ऑगस्ट २००४ रोजी केंब्रिज येथे व्हिपल यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्टारडस्ट हे यान व्हिपल ढालींच्या आडोशाने वाइल्ड-२ या धूमकेतूजवळून गेले होते आणि वाटेत त्याने धुळीचे कण टिपून घेतले होते. १५ जानेवारी २००६ च्या पहाटे ती कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. धूमकेतूचे कण प्रथमच प्रयोगशाळेत आले, आणि त्यांचा आकार व वजन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजता आले.